६४ मिनिटांचा डम्बो

गेल्या रविवारी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, बाहेरून मागवलेली शेव-उसळ संपवून, सहा वर्षांच्या नातीबरोबर १९४१ सालचा ‘डम्बो’ पुन्हा पाहिला. ‘पिनोकियो’ आणि ‘फँटेशिया’ या आधीच्या चित्रपटांत पैसा अडकल्यामुळे वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने जेमतेम ६४ मिनिटांचा हा चित्रपट मुद्दाम कमी खर्चात काढला. पार्श्वभूमी जलरंगांत रंगवली आणि कथाही सरळ ठेवली. ही काटकसरच त्याच्या पथ्यावर पडली, असे माझे मत आहे.

मोठ्या कानांचे ते हत्तीचे पिल्लू संपूर्ण चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. बिल टायटला या चित्रकाराने आपल्या लहानग्या मुलाला न्याहाळून ते रेखाटले, हे ठाऊक नसले तरी त्याचा लाजरेपणा घरातलाच वाटतो. पिल्लाची टर उडवणाऱ्या पोराला चोप दिल्याबद्दल आईला साखळदंड घालून कोंडले जाते आणि मग रात्री ती गजांतून केवळ सोंड बाहेर काढून पिल्लाला झुलवते. येथे नातीने माझा पदर घट्ट धरला.

“आजी, तिला सोडत का नाहीत?”

मला उत्तर सुचले नाही. (चित्रपटातल्या कावळ्यांच्या चित्रणातली कृष्णवर्णीयांची थट्टा मात्र आता खटकते, आणि शेवटही घाईने उरकल्यासारखा वाटतो.)

सायंकाळी कमाटी बागेत ती दोन्ही तळवे कानांशी धरून हलवीत माझ्यापुढे धावत होती.