शाळेचं शेवटचं वर्ष, जसं आठवेल तसं

लहान गावातल्या शाळेत गुपित टिकत नाही. गणिताच्या सरांनी सकाळी वर्गाबाहेर उभं केलं, की मी घरी पोचायच्या आत आईला ते कारणासकट कळलेलं असायचं.

त्या वर्षातली सगळ्यात ठळक आठवण प्रयोगशाळेतली. परीक्षानळीत जस्ताचे तुकडे, वर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. बुडबुडे यायला लागले, बाईंनी पेटती काडी नळीच्या तोंडाशी नेली आणि ‘फट्’! हायड्रोजन पेटला. मागच्या बाकावरची कायम पेंगणारी मंडळी उठून पुढे आली. ‘बाई, पुन्हा!’ तास संपेपर्यंत बाई करून दाखवत राहिल्या. पुस्तकात याला जेमतेम एक ओळ होती. अन्यायच म्हणायचा.

स्नेहसंमेलन झालं, सहलही झाली. त्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत, म्हणून सांगत बसत नाही.

निरोप समारंभात मात्र एरवी कडक असणाऱ्या मुख्याध्यापकांना बोलता बोलता भरून आलं. तेवढ्यात आमच्यातला एक जण ओरडला, ‘सर, जातोय कुठे आम्ही? उद्या रस्त्यात भेटूच की!’ आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत सर नेमके त्याच्याच मागे उभे होते.