अँटिव्हायरसने अडवलेला कळफलक आणि एक्सक्लूजनची यादी : माझा अनुभव

अँटिव्हायरस कंपनीच्या तक्रार अर्जाबद्दलचा माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुठे शब्द तिखट झाले तर वाचकांना कारण कळेल.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माझे टायपिंग आणि डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डे, पोळ्याचे फलक आणि ग्रामसभेच्या नोटिसा असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. यांतील बरेचसे जुने काम युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरे साठवण्याची आजची सामाईक पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये साठवलेले आहे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेली असतात, त्यामुळे त्या फाइली उघडून दुरुस्त करायच्या असतील तर कळ दाबताच योग्य ते अक्षर पाठवणारा एक छोटा कळफलक प्रोग्राम मागे चालू असावा लागतो. तो प्रोग्राम मी फार पूर्वी सीडीवर विकत घेतला होता आणि त्याने मला कधीच दगा दिला नव्हता. अँटिव्हायरसचे नूतनीकरण करून नवी आवृत्ती बसवल्यावर मात्र तो 'पोटेन्शिअली अनवॉन्टेड प्रोग्राम', म्हणजे नकोसा असू शकणारा प्रोग्राम, ठरला आणि ऐन लग्नसराईत थेट क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली चालू न देता अडकवून ठेवण्याच्या कोठडीत, गेला.

अँटिव्हायरसला त्याचा संशय का आला असावा, हे समजून घेतल्यावर माझा निम्मा राग शांत झाला. हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी प्रत्येक कळ मध्येच अडवून बदलतो, आणि पासवर्ड चोरणारे कीलॉगरही अगदी याच मार्गाने कळा टिपतात. त्यातच त्याची फाइल आकाराने लहान ठेवण्यासाठी पॅक केलेली (म्हणजे दाबून बसवलेली) होती, तिच्यावर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी नव्हती आणि विंडोज सुरू होताच ती आपोआप चालू होत असे. यांतील एकही गोष्ट गुन्हा नाही, पण चारही एकत्र दिसल्यावर यंत्राने हटकले तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय 'पोटेन्शिअली अनवॉन्टेड' या वर्गातल्या नोंदी, म्हणजे पकडलेल्या फाइलला अँटिव्हायरस देतो ती नावे, व्हायरसच्या नोंदींपेक्षा वेगळ्या असतात. जाहिराती दाखवणारे, इन्स्टॉल होताना सोबत भलतेच काही आणून बसवणारे किंवा संगणकाच्या ताकदीवर आभासी चलन काढणारे प्रोग्राम यात मोडतात. कास्परस्की अशा काही नावांच्या आधी सरळ 'नॉट अ व्हायरस' असेच लिहिते, तर मायक्रोसॉफ्ट 'पीयूए' (पोटेन्शिअली अनवॉन्टेड अ‍ॅप्लिकेशन) ही अक्षरे लावते. म्हणून नोंदीचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. नावाची सुरुवात 'ट्रोजन' (उपयोगी असल्याचे सोंग घेणारा घातक प्रोग्राम) अशी असेल तर पुढे लिहिलेले काहीही करू नका, फाइल क्वारंटाइनमध्येच राहू द्या.

फाइल निर्दोष आहे की नाही, हे तपासण्याचा टप्पा सर्वांत सोपा निघाला. मूळ सीडी माझ्याकडे होती. सीडीवरील फाइलची आणि त्याच फाइलच्या पेन ड्राइव्हवर पडून असलेल्या जुन्या प्रतीची एसएचए-२५६ हॅश मी विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने काढली. ही हॅश म्हणजे ६४ अक्षरांची एक ओळ असते आणि फाइलमधील एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या, म्हणजे मधल्या काळात त्या फाइलला कोणत्याही व्हायरसने हात लावलेला नव्हता. त्यानंतर तीच ओळ मी व्हायरसटोटलवर शोधली. २०१२ मध्ये गूगलने विकत घेतलेली ही सेवा एकाच वेळी अनेक अँटिव्हायरस कंपन्यांच्या तपासणी इंजिनांचा निकाल दाखवते. मोजक्याच इंजिनांनी आक्षेप घेतला होता आणि त्यांनी दिलेली नावेही ढोबळ होती. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की हॅश शोधताना फाइल पाठवावी लागत नाही, आणि तेथे पाठवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते, त्यामुळे ग्राहकाचे आधार कार्ड किंवा सातबारा असलेली फाइल तेथे कधीही चढवू नये.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मी क्वारंटाइनमधून फाइल परत आणली आणि तिचा पत्ता एक्सक्लूजनच्या, म्हणजे तपासणीतून वगळायच्या फाइलींच्या, यादीत घातला. प्रोग्राम सुरू झाला, पण काही क्षणांतच अँटिव्हायरसने पुन्हा तीच सूचना दाखवली आणि मराठी टायपिंग बंद पडले. कस्टमर केअरला फोन केला की फोल्डर यादीत कसे घालावे याची ठरलेली पायरी वाचून दाखवली जायची, आणि ते केलेले आहे असे सांगितले की ईमेलने त्याच पायरीची लिंक यायची. एका प्रतिनिधीने माझ्या संगणकाचा ताबा दुरून घेण्यासाठी एक प्रोग्राम उतरवायला सांगितला. दुरून ताबा देणाऱ्या प्रोग्रामनाही अनेक अँटिव्हायरस याच संशयित वर्गात टाकतात, हे त्यांना सांगावेसे वाटले, पण तोवर फोन कटला होता.

तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने वेगळाच तोडगा सुचवला. तो म्हणाला, "भाऊ, पुरा सी ड्राइव्हच टाकून द्या ना त्या यादीत, कटकटच मिटते." त्याची भावना चांगली होती, परंतु हा सल्ला कोणीही ऐकू नये. धुऱ्यावरच्या कुंपणाला माणूस जाण्यापुरते फाटक ठेवणे वेगळे आणि रानडुकरांच्या दिवसांत पूर्ण कुंपणच उपटून टाकणे वेगळे. फोल्डर वगळले की त्यातील सर्व उपफोल्डरही वगळले जातात, हे मी स्वतः तपासून पाहिले. त्यासाठी आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी ओळ नोटपॅडमध्ये लिहून साठवायची असते. अँटिव्हायरस कंपन्यांनी ती व्हायरस असल्यासारखी पकडायची असे ठरलेले आहे. वगळलेल्या फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरमध्ये ती फाइल शांतपणे पडून राहिली, आणि तीच डेस्कटॉपवर ठेवताच पकडली गेली. आपली यादी नेमकी किती मोठी फट पाडते हे पाहण्याची याहून साधी रीत मला सापडली नाही.

वारंवार पकडले जाण्याचे कारण अखेर सूचनेतील फाइलचा पूर्ण पत्ता वाचल्यावर कळले. ती सीडीवरची फाइल नव्हतीच. कळफलक प्रोग्राम सुरू होताना स्वतःच्या पोटातील एक सहायक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) विंडोजच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये सोडतो आणि प्रत्येक वेळी तिला नवे नाव देतो. यादीत पत्ता मुख्य फाइलचा आणि पकडली जाते दुसरीच, असा हा प्रकार होता. टेम्प फोल्डरच वगळणे हा तर आत्मघात झाला असता, कारण इंटरनेटवरून आलेले अनेक घातक प्रोग्राम तेथेच उतरतात आणि मायक्रोसॉफ्टही तो फोल्डर वगळू नका असेच सांगते. 'प्रोसेस' म्हणून वगळण्याचा पर्याय दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर आहे, जेथे केवळ डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस चालतो, पण त्याचा अर्थ अनेकांना ठाऊक नसतो. तेथे एखादी प्रोसेस वगळली तर तिने उघडलेल्या फाइलींची तात्काळ तपासणी टळते, ती प्रोसेस चालवणारी फाइल मात्र तपासणीतून सुटत नाही. ती वेगळी वगळावी लागते.

माझ्या अँटिव्हायरसमध्ये फाइलचा पत्ता न देता तिची हॅश देऊन वगळण्याची सोय होती. ती प्रगत सेटिंगच्या इतक्या आत दडवलेली होती की कस्टमर केअरमधील एकालाही तिचा पत्ता नव्हता. डीएलएलचे नाव दर वेळी बदलत असले तरी आतील मजकूर तोच असल्याने हॅश तीच राहते, आणि ती एक ओळ यादीत घालताच मराठी टायपिंग पूर्ववत झाले. त्या क्षणी झालेला आनंद, आणि तो माझा मी मिळवल्याचा थोडा गर्वही, मी लपवत नाही. या मार्गाचा आणखी एक फायदा असा की उद्या त्याच नावाने दुसरी एखादी फाइल आली तर तिला सवलत मिळत नाही.

माझे काम येथे भागले होते, पण अशी सवलत कायम ठेवणे मला पटत नव्हते, म्हणून चुकीची नोंद दुरुस्त करावी असा अर्ज कंपनीकडे करायचे ठरवले. अर्जासोबत संशयित फाइल पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये पाठवायची असते आणि पासवर्ड 'इन्फेक्टेड' असा ठेवायचा असतो. ही रीत बऱ्याच कंपन्यांत चालते आणि तिच्यामागे कारण आहे, कारण पासवर्ड नसेल तर वाटेतलाच एखादा स्कॅनर फाइल काढून टाकतो. अडचण दुसरीच होती. अर्जात निर्मात्याच्या वेबसाइटचा रकाना सक्तीचा होता. हा प्रोग्राम बनवणाऱ्याची वेबसाइट केव्हाच बंद पडलेली, आणि रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नसे. वरून आमच्याकडे दुपारी वीज गेली की भरलेला अर्ज पुन्हा कोरा. शेवटी त्या रकान्यात माझ्या दुकानाचाच ईमेल लिहिला आणि अर्ज स्वीकारला गेला. पुढे तिकीट (तक्रारीची नोंद) क्रमांक आला, मग 'आपल्याकडून प्रतिसाद न मिळाल्याने तिकीट बंद करत आहोत' असा ईमेल आला, वास्तविक मला कोणी प्रश्न विचारलाच नव्हता. तिकीट पुन्हा उघडताना मी दोन्ही फाइलींच्या हॅश, नोंदीचे पूर्ण नाव, अँटिव्हायरसची आणि व्हायरस डेटाबेसची आवृत्ती, असे सर्व मजकुरातच लिहिले. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी हे पहिल्याच वेळी लिहावे. त्यानंतरच तो तांत्रिक विभागाकडे गेला असावा, कारण उत्तर एका ओळीचे पण नेमके आले: नोंद चुकीची होती, पुढील अपडेटमध्ये काढली जाईल.

अपडेट आल्यावर मी हॅश यादीतून काढली, पूर्ण स्कॅन केला आणि प्रोग्राम चालू राहिला.

मध्ये सांगायचे राहून गेले ते असे की डिफेंडरमध्ये नकोशा प्रोग्रामना अडवण्याची सोय २०२० च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अपडेटपासून सेटिंगमध्ये दिसते आणि ऑगस्ट २०२१ पासून ती आपोआप चालू ठेवण्यास मायक्रोसॉफ्टने सुरुवात केली. ती 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' या भागात, रेप्युटेशनच्या सेटिंगखाली असते. एका फाइलसाठी ती पूर्ण बंद करू नये.

तसेच आपल्या संगणकावरील एक्सक्लूजनची यादी अधूनमधून उघडून पाहावी. काही घातक प्रोग्राम शिरकाव केल्यावर स्वतःचाच फोल्डर त्या यादीत गुपचूप घालतात, आणि फुकटच्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येणारी 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना वापरणाऱ्याच्या हातून तेच करून घेते. दुकानात शिकायला येणाऱ्या एका मुलाने पेन ड्राइव्हवर असे एक डिझाइनचे सॉफ्टवेअर आणले होते. मी ते बसवू दिले नाही, आणि त्याच्या घरच्या संगणकाची यादी उघडून पाहायला सांगितले, तर तिच्यात त्याला न आठवणारे दोन फोल्डर निघाले.