स्फुरद कमी, तरीही तग धरणारा भात

आज इगतपुरीजवळ आवणी झालेल्या खाचरांत एका शेतकरी काकांनी विचारले, की खत घालूनही भाताला फुटवे कमी का येतात. अतिपावसाच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरस या अन्नद्रव्याला, इतके घट्ट धरून ठेवतात की तो मातीत असूनही मुळांना मिळत नाही, हे मी त्यांना सांगितले. कासलथ या आपल्या देशातल्या जुन्या भात वाणात मात्र ही टंचाई सोसण्याची ताकद आहे, आणि ती देणारे ‘पीस्टॉल१’ हे बाराव्या गुणसूत्रावरील जनुक आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ओळखले. ते कोवळ्या वयातच मुळांचा पसारा वाढवते, त्यामुळे रोप अधिक मातीतून स्फुरद गोळा करते. आयआर ६४ सारख्या गाजलेल्या वाणात हे जनुकच नव्हते, याची मला फार हळहळ वाटते. नंतर संकरातून ते त्यात आणले गेले.

“मग आपल्या इंद्रायणीत येईल का?” काकांनी विचारले. येऊ शकेल, पण सुवास आणि चिकटपणा टिकवायचा, तर संकरित रोपांचा इंद्रायणीशीच पुन्हापुन्हा संकर करून, प्रत्येक पिढीत जनुक तपासत, काही हंगाम काम करावे लागेल.