बिनपरवाना स्पर्धक, सोडून गेलेले कामगार आणि लॉनची देखभाल

लॉनची देखभाल करण्याच्या व्यवसायात दोन तक्रारी नेहमी एका दमात केल्या जातात. पहिली, परवाना नसलेली माणसे आपल्या निम्म्या दरात कामे घेतात. दुसरी, आपल्याच हाताखाली शिकलेला कामगार बाहेर पडून आपलीच गिऱ्हाइके ओढतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांना एकाच रागाने सामोरे गेले की आपल्या हातून भलत्याच ठिकाणी बळ खर्च होते, असे माझे ठाम मत आहे.

परवान्याचा प्रश्न आधी नीट मांडला पाहिजे. गवत कापणे, कडा छाटणे, पाला गोळा करणे या कामांसाठी बहुतेक ठिकाणी व्यवसाय नोंदणीपलीकडे कोणताही खास परवाना लागत नाही. त्यामुळे एखादा तरुण कापणी यंत्र घेऊन स्वस्तात गवत कापू लागला, तर तो कायदा मोडत नाही, फक्त आपल्याशी स्पर्धा करतो. परवाना लागतो तो फवारणीला. भारतात 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार कीटकनाशके वापरून व्यावसायिक कीड नियंत्रणाचे काम करायचे असेल, तर परवाना घ्यावा लागतो, आणि या कायद्याच्या व्याख्येत तणनाशकेही येतात. अमेरिकेत मोबदला घेऊन दुसऱ्याच्या जागेत फवारणी करणाऱ्यासाठी बहुतेक राज्यांनी परीक्षा आणि परवाना बंधनकारक केला आहे. म्हणून ‘तो बिनपरवाना आहे’ असे म्हणण्यापूर्वी तो नक्की कोणते काम करतो, हे पाहावे.

फवारणीच्या बाबतीत मात्र मी जराही सवलत द्यायला तयार नाही. रुंद पानांच्या तणांवर वापरले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशक गवताला फारशी इजा करत नाही, पण वाऱ्याबरोबर शेजारच्या वाफ्यात गेले की टोमॅटोची पाने अरुंद होऊन पिळवटतात, देठ वेडेवाकडे वळतात आणि द्राक्षवेलीचे तर फारच नुकसान होते. त्याचे काही प्रकार उष्ण हवेत वाफ होऊन फवारणी संपल्यानंतरही पसरतात. ग्लायफोसेट हे दुसरे तणनाशक तर तणाबरोबर लॉनही मारते. लेबल नसलेल्या बाटलीतून, अंदाजाने मिसळलेले, नोझल न तपासता मारलेले औषध कोणाच्या अंगणात, कोणाच्या मुलांच्या खेळण्याच्या जागेत आणि कोणाच्या विहिरीत जाईल हे सांगता येत नाही. खतांचेही तसेच आहे. युरियात 46 टक्के नत्र असते आणि एका वेळी दर चौरस मीटरला सुमारे पाच ग्रॅम नत्र हे सर्वसाधारण प्रमाण धरले, तर युरिया जेमतेम अकरा ग्रॅम होतो, म्हणजे मुठीपेक्षा कितीतरी कमी. हाताने भिरकावलेला युरिया जिथे दुहेरी पडतो, तिथे काही दिवसांतच पिवळे आणि मग तपकिरी पट्टे उमटतात. अशी पट्टेदार हिरवळ पाहिली की फेकणारा कसा चालत गेला, हेदेखील जमिनीवर वाचता येते.

अशा माणसाची तक्रार करावी का? फवारणीबाबत माझे उत्तर होय असे आहे, पण ती पुराव्यानिशी आणि योग्य ठिकाणी करावी. परवाने देणाऱ्या खात्याची नोंदवही अनेक ठिकाणी जनतेला पाहता येते. तिच्यात त्याचे नाव आहे की नाही, हे प्रथम स्वतः तपासावे. मग तारीख, जागा, वाहनावरचे नाव, रस्त्यावरून दिसणारे काम आणि जाहिरातीची प्रत एवढे गोळा करून लेखी तक्रार द्यावी. दुसऱ्याच्या आवारात शिरून छायाचित्रे काढू नयेत. आणि तक्रार दिल्यावर गिऱ्हाइकांकडे जाऊन त्या माणसाची निंदा करू नये, कारण जे सिद्ध झालेले नाही ते बोलणे बदनामीच्या दाव्याला निमंत्रण ठरू शकते, आणि गिऱ्हाईकसुद्धा अशा बोलण्याने आपल्याकडेच संशयाने पाहू लागते. त्याऐवजी गिऱ्हाइकाने कोणत्याही कंत्राटदाराला विचारावे असे काही प्रश्न त्याच्या हाती द्यावेत: परवान्याचा क्रमांक काय, विमा कशाकशाचा आहे, आणि कोणते औषध, किती, कधी मारले याची लेखी नोंद मिळेल का. आपण स्वतः प्रत्येक भेटीनंतर ती नोंद न मागता देत असू, तर दरातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दर उतरवून बरोबरी करण्याच्या मात्र मी विरोधात आहे, कारण विमा, प्रशिक्षण आणि फवारणी यंत्रातून किती औषध पडते याचे मोजमाप यांचा खर्च ज्याला नाही, त्याच्या दरात आपण काम केले, तर आपणही हळूहळू तेच खर्च टाळू लागतो.

आता सोडून गेलेल्या कामगाराकडे वळतो. कामगाराने आपल्याकडे मिळवलेले कौशल्य त्याचे स्वतःचे असते. ते परत मागण्याचा हक्क कोणालाही नाही. ‘दोन वर्षे याच भागात हे काम करणार नाही’ असे लिहून घेतल्याने मन शांत होत असेल, पण भारतीय करार कायदा 1872 चे कलम 27 व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, मानते, आणि त्याला मोठा अपवाद आहे तो व्यवसायाची नावलौकिकासह विक्री झाल्याचा. कॅलिफोर्नियातही जवळपास याच अर्थाचा नियम 1872 पासूनच आहे. अन्यत्र अशी कलमे काही प्रमाणात टिकतात, पण न्यायालये मुदत आणि भाग वाजवी आहेत का, हे बारकाईने पाहतात.

गिऱ्हाइकांची यादी, दरपत्रके, आवाराच्या फाटकांचे सांकेतिक क्रमांक ही मात्र व्यवसायाची मालमत्ता आहे, आणि तिचे रक्षण करता येते. पण ज्या यादीची प्रत प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, ती गुपित होती, असे नंतर कोणापुढे सांगणार? गुप्ततेचा आणि आपली गिऱ्हाइके ठरावीक काळ न ओढण्याचा करार नोकरीच्या पहिल्या दिवशी व्हावा, कोणाला किती माहिती दिसेल ते कामानुसार ठरावे, आणि माणूस जाईल त्याच दिवशी किल्ल्या, गणवेश, फोनमधील गट व पासवर्ड यांचा हिशेब पूर्ण व्हावा. फाटकांचे क्रमांक तर त्याच दिवशी बदलावेत, कारण तो गिऱ्हाइकाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. त्याचबरोबर त्याचा शेवटचा पगारही वेळेवर द्यावा. रागाच्या भरात पगार अडवून ठेवणारा मालक स्वतःच्याच तक्रारीचा पाया काढून घेतो, आणि माझ्या मते तो अन्यायही आहे.

एक गोष्ट मालक विसरतात. आपल्याकडे असताना तो कामगार आपल्या परवान्याखाली, परवानाधारकाच्या देखरेखीत फवारत होता. बाहेर पडल्यावर त्याला पंप धरता येतो, पण परवाना त्याच्यासोबत गेलेला नसतो. त्याला हे माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून खात्याकडे जाण्यापूर्वी एकदा समोर बसून सांगावे: बाबा रे, गवत काप, कोणी अडवणार नाही, पण फवारणीसाठी परीक्षा दे. तोपर्यंत फवारणीची कामे माझ्याकडे पाठव आणि कापणीची जास्तीची कामे मी तुझ्याकडे पाठवतो. हा समझोता जमला, तर दोघांचेही काम चालते. न जमला आणि तो फवारतच राहिला, तर जुना सहकारी म्हणून त्याला वेगळा न्याय लावता येणार नाही. तक्रार तीच, तितक्याच पुराव्यानिशी द्यावी.

आणि त्याच्याकडे गेलेले एखादे गिऱ्हाईक जळलेली हिरवळ घेऊन परत आले, तर मागच्या माणसाबद्दल एक अक्षर न बोलता आधी माती तपासून घ्यावी आणि कोणते औषध मारले होते ते विचारावे. टू-फोर-डी मारलेल्या जागी नवे बी पेरायला साधारण तीन ते चार आठवडे थांबावे लागते, नेमकी मुदत लेबलवर असते. गिऱ्हाईक घाई करत असले तरी ही मुदत त्याला लिहून द्यावी आणि ती संपेपर्यंत बियाण्याची पिशवी फोडू नये.