जुना ट्रॅक्टर की नवा मिनी? गरम इंजिनानं घातलेला घोळ

खोल नांगरटीला वजन लागतं, ते जुन्या मोठ्या ट्रॅक्टरकडेच असतं. बागेच्या ओळींत फवारणी आणि छोटा रोटाव्हेटर एवढंच असेल तर अरुंद फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर पुरतो. मला दोन्ही कामं होती, म्हणून आधी जुना पाहिला आणि तिथेच अडकलो.

तीनदा गेलो, तिन्ही वेळा इंजिन गरम. ‘आत्ताच रानातून आणलाय’ हे ठरलेलं उत्तर. याचा मला अजून राग आहे, कारण गरम इंजिन खूप काही झाकतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलेलं इंजिनही गरम असलं की सेल्फ मारताच उठतं. ऑईलमध्ये पाणी शिरलं असेल तर तेही घुसळून एकजीव झालेलं असतं. रात्रभर उभा राहिला की पाणी चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीच्या) तळाशी बसतं.

चौथ्यांदा आदल्या रात्रीपासून चालू करू नका म्हणून बजावलं. सकाळी आधी सायलेन्सरच्या बुडाला आणि रेडिएटरला हात लावला. गार. मग चालू न करताच चेंबरचा ड्रेन बोल्ट दोन आटे सैल केला. आधी पाण्याचे सात-आठ थेंब पडले, मागून काळं ऑईल आलं. ऑईल मोजायच्या पट्टीवर ऑईल खुणेच्या वर चढलेलं होतंच. असं पाणी बहुधा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालच्या रबरी रिंगेतून किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगमधून) उतरतं. दोष लायनरचा असेल तर पूर्ण इंजिन उघडावं लागतं. विषय तिथेच संपला.

बोल्टमधून पाणी न येता नुसतं ऑईल आलं तरच सेल्फ मारा. सुरुवातीचा पांढरा धूर चालतो, इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेल फवारणारं नोझल खराब किंवा आत पाणी जातंय. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. ऑईलचं झाकण काढल्यावर भकभक वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

मग मिनी घेतला. खोल नांगरट भाड्यानं करून घेतो. रोटाव्हेटर निवडताना इंजिनाचा एचपी धरू नका, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) धरा, तो नेहमी कमी असतो. पिनाही मोजा: मिनीच्या खालच्या आर्मला (अवजार जोडायच्या दांड्याला) २२ मिमीची पिन लागते, मोठ्या अवजारांना बहुधा २८ची असते. २२च्या पिनेवर बुश (जाडी भरून काढणारी नळी) चढवून ती मोठ्या ट्रॅक्टरच्या आर्मच्या २८च्या गोळ्यात बसते, उलटं जमत नाही.

जुन्याचं एक राहिलं. अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. भराभर खाली आलं तर लिफ्टचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या पिनेचा) खेळ हाताला लगेच कळतो.