ओहायोतला मतदानाचा मंगळवार

साताऱ्यात माझ्या लहानपणी मतदानाचा दिवस म्हणजे सुट्टी, गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेपुढची रांग आणि आईच्या बोटावरची शाई एवढेच समीकरण होते. यादीत नाव आहे की नाही हे पाहायला सरकारी माणूस घरी येत असे. त्यामुळे अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर सर्वांत आधी पचवावी लागली ती एकच गोष्ट : इथे मतदार होण्याची खटपट ज्याची त्याने करायची असते. ओहायो राज्यात मतदानाच्या 30 दिवस आधी नोंदणी झाली नाही, तर ती निवडणूक हातची गेली.

त्यात मतदान मंगळवारी. 1845 च्या कायद्याने नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरवला गेला, कारण रविवार प्रार्थनेचा आणि शेतकऱ्याला घोडागाडीने काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) गावी पोहोचायला एक दिवस हवा. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला. देशभर सुट्टी मात्र आजही नाही. 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे 66 टक्के पात्र नागरिकांनी मतदान केले, तेव्हा तो गेल्या शंभर वर्षांतला विक्रमच मानला गेला. दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या वर्षांत होणाऱ्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत हा आकडा बहुधा निम्म्याच्याही खाली राहतो.

गेल्या वेळी मी मतदान केंद्रावर कामाला बसलो होतो. आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळीकडे निवडणूक घेणारी यंत्रणा इथे नाही. ओहायोच्या 88 काउंट्यांपैकी प्रत्येकीचे स्वतंत्र निवडणूक मंडळ असते आणि त्यात दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन असे चौघे बसतात. टेबलावरही तीच वाटणी. माझ्या शेजारच्या दोघी निवृत्त शिक्षिका एकमेकींच्या पक्षाबद्दल चकार शब्द न काढता पहाटेपासून एकाच डब्यातली बिस्किटे खात होत्या. वृत्तवाहिन्यांवर जो देश रोज भांडताना दिसतो, तो मला त्या टेबलावर दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

अडचण दिसली ती दुपारी. कामाच्या कपड्यांतला, पन्नाशीचा एक गृहस्थ आला आणि त्याचे नाव यादीत सापडेना. गेल्या काही निवडणुकांना तो आला नव्हता, असे तोच म्हणाला. ओहायोत दोन वर्षे मतदान न करणाऱ्याला टपालाने सूचनापत्र जाते. त्याला उत्तर नाही आणि पुढची चार वर्षेही मतदान नाही, तर नाव वगळले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ही पद्धत वैध ठरवली. मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे काढायलाच हवीत, हे मलाही पटते. पण टपालपेटीतले जाहिरातींचे गठ्ठे ज्याने उपसले आहेत, त्याला ते एक पत्र निसटणे किती सोपे आहे हे ठाऊक आहे.

नाव नसले तरी माणसाला परत पाठवायचे नाही, ही सोय 2002 च्या केंद्रीय कायद्याने केली आहे. 2000 मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या 537 मतांच्या फरकाने अध्यक्ष ठरल्याचा धडा त्यामागे होता. आम्ही त्याला तात्पुरती मतपत्रिका दिली. लिफाफ्यावर नाव, पत्ता, सही. ‘‘हे मोजतील ना?’’ त्याने विचारले. आधी नोंदणी तपासतील, मग ठरेल, असे एका शिक्षिकेने सांगितले आणि चौकशीचा फोन नंबर असलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला, घड्याळ पाहिले आणि जवळजवळ पळतच गाडीकडे गेला. त्याची दुपारची पाळी सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती.