टी४२० अपडेट: शेवटाकडून उलटं वाचल्यावर डिस्क हलली

एका जुन्या लॅपटॉपची डिस्क मरायला टेकलीय, आणि तिच्यातले फोटो मी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने वाचवतेय. काल रात्री त्याच्या मॅपफाइलमधला (किती वाचलं, किती राहिलं याच्या नोंदीतला) आकडा ९९ टक्क्यांच्या पुढे गेला! मागच्या अपडेटच्या वेळी ही डिस्क ६१ टक्क्यांवर अडली होती आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हती. आता न वाचलेलं उरलंय फक्त ४१ एमबी. ५०० जीबीतले ४१ एमबी. एवढं निघेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

मशीन तेच, शाहूपुरीतल्या आमच्या सरांचं थिंकपॅड टी४२०. नवी एसएसडी घरात येऊन पडलीय, पण ती बसवणं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. या मॉडेलमध्ये ते काम कितीसं, तुम्हाला माहीतच आहे: खालचा एक स्क्रू, झाकण, आणि डिस्क ओढली की बाहेर. एसएसडी ७ मिमीची आणि खण ९.५ मिमीचा, म्हणून अडीच मिमीची फ्रेम लावायची आणि जुन्या डिस्कच्या रबरी पट्ट्या तिला चढवायच्या. पण आधी कासचे फोटो. सर दर पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून पठारावर जातात. २०१२ मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत आलं, त्याच्या आधीपासूनचे फोटो या एकाच डिस्कवर आहेत. सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं, वायतुरा. आणि सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी, जिचा हुकलेला फोटो पुढच्या वर्षी जाऊन काढता येत नाही. दुसरी प्रत कुठेही नाही.

लक्षणं परत मांडते, कारण उत्तर त्यांच्यातच होतं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) १९७ नंबर, म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे), वाढत चाललेला. १९९ नंबर (जोडणीतल्या चुका) शून्य, म्हणजे केबल आणि कनेक्टरवरचा संशय बाद. टकटक आवाज नाही, मोटर नीट फिरते. डीडीरेस्क्यू सुरुवातीपासून सुसाट यायचं, ६१ टक्क्यांशी आलं की डिस्क गप्प. मग यूएसबी अडॅप्टर कंटाळून जोडणी रीसेट करायचा आणि लिनक्सला तीच डिस्क नव्या नावाने दिसायची. एसडीबीची एसडीसी. जुन्या नावावरचं प्रत्येक वाचन त्यानंतर फसतं, आणि पुढचा धडधाकट भागही मॅपफाइलमध्ये फसलेला म्हणून नोंदला जातो. डिस्कचा बाय-आयडी पत्ता (न बदलणारं नाव) दिला तर नावाचा घोळ मिटतो. अडकणं मात्र मिटत नाही.

म्हणून आधी अडॅप्टरच काढून टाकला. आजारी डिस्क परत टी४२० च्याच खणात, सरळ साटावर (डिस्कच्या मूळ जोडणीवर). लिनक्स पेन ड्राइव्हवरून, इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) बाहेरच्या १ टीबीच्या डिस्कवर, मॅपफाइल वेगळ्याच पेन ड्राइव्हवर. टी४२० ची स्वतःची पोर्ट यूएसबी २.० ची, त्यामुळे एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत यूएसबी ३ चं कार्ड घातलं. ज्यांच्याकडे ही जुनी थिंकपॅड आहेत त्यांनी हे कार्ड नक्की घेऊन ठेवा, फार उपयोगी वस्तू आहे. उलट स्वस्तातल्या अडॅप्टरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. चांगल्या डिस्कसाठी ते ठीक. मरणाऱ्या डिस्कला अडॅप्टर लावू नये, काही तर स्मार्टचे आकडेसुद्धा धड दाखवत नाहीत.

सरळ साटावर रीसेट थांबले, पण ६१ टक्क्यांशी ताटकळणं तसंच. तेव्हा रिव्हर्सचा पर्याय लावला आणि शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. डीडीरेस्क्यू दुसऱ्या फेरीत आपणहून उलटं फिरतं हे खरं, पण इथे पहिली फेरीच पुरी होत नव्हती. डिस्क सरळ वाचताना आपण मागितलं त्याच्याही पुढचं स्वतःहून वाचून कॅशमध्ये भरत असते. खराब पट्ट्याच्या कडेला आली की न मागितलेल्या खराब सेक्टरशीसुद्धा आत झगडत बसते. उलट्या दिशेने येताना तिची ही आगाऊ वाचायची सवय आड येत नाही. शिवाय एचडीपार्म या कमांडने लुक-अहेड, म्हणजे हीच सवय, बंद करून टाकलं. १०० कडून ६२ पर्यंतचा भाग जवळजवळ विनातक्रार आला. तो आकडा खाली उतरताना बघण्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली. मधे वीज गेली तर बॅटरीने लॅपटॉप सांभाळला, बाहेरची डिस्क इन्व्हर्टरवर होतीच.

मग मधला पट्टा. तिथे स्क्रॅपिंग (उरलेले सेक्टर एकेक करून वाचणं) चालू असताना सहज गणित मांडलं आणि पोटात गोळा आला. सरांनी डिस्कचे दोन भाग केलेले, सी साधारण ३०० जीबी आणि पुढे डी. फोटो सगळे डीवर. एनटीएफएस (विंडोजची फायली ठेवायची पद्धत) आपली एमएफटी, म्हणजे फायलींची नोंदवही, बहुतेक वेळा भागाच्या सुरुवातीपासून ३ जीबी आत ठेवतं. ३०० अधिक ३, म्हणजे ५०० पैकी साधारण ६१ टक्के. पट्टा नेमका फायलींच्या नोंदवहीवर पडला होता. एमएफटीतली एक नोंद १ केबीची, डिस्कचा खरा सेक्टर ४ केबीचा, म्हणजे एक सेक्टर गेला की चार फायलींच्या नोंदी जातात. एमएफटीची जी मिरर प्रत असते तिच्यात पहिल्या चारच नोंदी, तिचा इथे उपयोग नाही.

म्हणजे ज्या ४१ एमबीबद्दल मी वर एवढ्या आनंदाने लिहिलं, त्यात बरीचशी नावंच आहेत. फोटो इमेजमध्ये आले, पण अनेकांचं नाव आणि फोल्डर गेलं. सरांच्या पद्धतीत फोल्डरचं नाव म्हणजेच माहिती: फुलाचं नाव, पठारावरची जागा, महिना. त्याशिवाय उरतात नुसते छान फोटो.

सर रोज फाटकाशी विचारतात, “काय गं, कारवी निघाली का?” त्यांना मी काल सांगितलं, “सर, कारवी निघालीय, तिचा पत्ता शोधतेय.”

नाव गमावलेल्या या अनाथ फायलींसाठी फोटोरेक (नोंदीशिवाय फायली शोधून काढणारा प्रोग्राम) चालवलं. नावं येत नाहीत, पण एक्झिफ (कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली माहिती) शाबूत असतं, त्यामुळे एक्झिफटूलने सगळ्या फायलींना काढल्याची तारीख-वेळ हेच नाव दिलं. सरांची पठारावरच्या फेऱ्यांची वही आहे, तारीखवार. तिच्याशी जुळवत बसायचं असा बेत होता.

काही सीआर२ फायली (कॅनन कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे कच्च्या फोटोंच्या) उघडतच नव्हत्या, कारण खराब सेक्टर रॉ डेटात पडलेले. पण सीआर२ मध्ये रॉ डेटाच्या आधी एक तयार जेपीजी प्रिव्ह्यू असतो. एक्झिफटूलने तो बाहेर काढता येतो. काढला, आणि दगडाच्या कपारीतला कंदीलपुष्पाचा फोटो स्वच्छ समोर आला. रॉ गेली, फूल राहिलं. या छोट्याशा युक्तीवर मी बेहद्द खूश आहे. ज्यांच्याकडे तुटलेल्या सीआर२ असतील त्यांनी त्या फेकण्याआधी हे करून बघाच.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट डोक्यात आली. सर फोटो पिकासा या प्रोग्राममध्ये बघायचे! गूगलने ते २०१६ मध्ये बंद केलं, पण सरांच्या सीवर ते अजून आहे, आणि पिकासा आपल्या थंबइंडेक्स फाइलमध्ये बघितलेल्या फोटोंचे पत्ते ठेवतं. सी तर जवळपास अख्खा वाचला गेलाय. लिहिणं थांबवून लगेच पाहिलं. फाइल आहे, धड आहे, आणि आत “कास_कुमुदिनी तळे_सप्टेंबर” असे पत्ते ओळीने दिसतायत. म्हणजे वहीशी एकेक तारीख जुळवायच्या आधी हे पत्ते बाहेर काढायचे. कॅमेऱ्याने दिलेले फायलींचे अनुक्रमांक पत्त्यात आहेत, आणि बऱ्याच कॅनन कॅमेऱ्यांच्या एक्झिफमध्येही तो क्रमांक सापडतो. सरांच्या कॅमेऱ्यात सापडला तर जुळणी स्क्रिप्टनेच होईल. वही फक्त अडलेल्या ठिकाणी.

डिस्क मरायला टेकली की काय करू नये, तेही सांगते. गावातल्या एका दुकानात सरांना सांगितलं होतं की चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारा, बॅड सेक्टर दुरुस्त होतील. अशा डिस्कवर चेकडिस्क म्हणजे तिच्यावर लिहिणं, आणि एमएफटी जखमी असताना ते फायलींच्या नोंदी कापून मोकळं होतं. आधी इमेज, मग काय ते प्रयोग इमेजच्या प्रतीवर. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही मिळाला होता. आपल्या पावसाळी हवेत बाहेर काढल्यावर आत दव धरेल. मी तिच्यावर साधा टेबल फॅन सोडला होता.

जोडणीचा बेतही बदलतेय. आधी इमेज तशीच एसएसडीवर उतरवून सरांचं विंडोज ७ चालू करणार होते. पण त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि सरांना इंटरनेट लागतं. म्हणून मिंट एक्सएफसीई (हलकं लिनक्स) आणि फोटोंसाठी डिजिकॅम हा प्रोग्राम. फुलांची नावं मराठीत टॅग म्हणून थेट फायलींमध्ये लिहायची, म्हणजे पुढे फोल्डर गेलं तरी नाव फोटोबरोबर राहील. दुसरी प्रत डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसवणार होते, पण विक्रेत्याने १२.७ ऐवजी ९.५ मिमीची कॅडी पाठवली. ती परत केली. मागवताना जाडी लेखी विचारा.

आणि आता वाटतंय, कॅडी हवीच कशाला? डब्ल्यूडब्ल्यूएएनच्या (मोबाइल इंटरनेट कार्डाच्या) खाचेत एमसाटा, म्हणजे छोटी एसएसडी, बसते. वेग ३ गिगाबिटचा, सिस्टीमसाठी भरपूर. सिस्टीम एमसाटावर, फोटो मुख्य खणातल्या एसएसडीवर, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर सरांच्या मुलीकडे. टी४२० मध्ये एमसाटावरून कायमचं बूट कोणी चालवत असेल तर लॅपटॉप झोपेतून (स्लीपमधून) उठताना काही त्रास होतो का ते सांगा, म्हणजे मी या आठवड्यात ऑर्डर टाकते.